पैसेवारी

पैसेवारी (जुने नाव आणेवारी) : गावातील हंगामी पिकाचे प्रत्यक्ष उत्पन्न प्रमाण (सर्वसाधारण वर्षी अपेक्षित) उत्पन्नाच्या मानाने रुपयात किती पैसे आले, हे ठरविण्याची महसुली पद्धत. महाराष्ट्रात अंतिम पैसेवारी 50 पैशांच्या खाली गेलेल्या गावाला दुष्काळी सवलती देण्याचा प्रघात आहे. जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात 33.5 टक्के सूट आणि परीक्षा शुल्कमाफी या त्यांतील प्रमुख होत.

पीक बुडाल्यावर पाहणी करून शेतसाऱ्यात सूट देण्याची चाल मराठेशाहीतही होती. मात्र आण्यांच्या (सोळा आण्यांचा एक रुपया) मापाची नियमबद्ध पद्धत मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, दुष्काळ संहितांच्या (दुष्काळ निवारणाच्या सरकारी नियमावल्यांच्या) आगेमागे रूढ झाली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सर्वसाधारण पीक बारा आणे धरायचे की सोळा, याविषयी प्रांतोप्रांती एकवाक्यता नव्हती आणि सगळा वाद तेथेच अडे. कारण ज्या आकड्याने भागायचे तो छेद बदलला की तेच पीक सवलतीच्या रेषेच्या अलीकडे वा पलीकडे जाते. 1918 च्या खेडा सत्याग्रहाचे मूळही आणेवारीतच होते. पीक चार आणे वा त्याहून कमी असल्यास त्या वर्षीची वसुली तहकूब व्हावी, असा नियम होता. पीक त्या मर्यादेत असल्याचे रयत सांगे; अधिकाऱ्यांचा अंदाज त्याहून वरचा होता. 1957 मध्ये दशमान नाणी आल्यावर नाव बदलले, तरी गावात अजून ‘आणेवारी किती लागली?’ असेच विचारतात.

पद्धत कागदावर सोपी आहे. ग्रामस्तरीय समिती निवडक शेतांत 10 मी. × 10 मी. चा तुकडा आखते. त्यातील पीक कापून, मळून, वजन करून हेक्टरी उतारा काढला जातो. सप्टेंबरअखेर नजरअंदाज (उभे पीक पाहून बांधलेली), ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरात अंतिम पैसेवारी जाहीर होते. सोयाबीनला हे वेळापत्रक मानवते. कापसाच्या वेचण्या मात्र त्यानंतरही चालू राहतात, तेव्हा शेवटच्या वेचणीचा आकडा बव्हंशी अदमासाचाच. शिवाय गावाची सरासरी 52 पैसे निघाली, तर ओढ्याकाठी वाहून गेलेले शेत त्या आकड्यात दिसतच नाही.

केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पर्जन्यमान, वनस्पती निर्देशांक (उपग्रहावरून मोजलेली हिरवाई), मृदा आर्द्रता आदी निकष पुढे आणले. त्यांनुसार राज्याने 2018 मध्ये 151 आणि 2023 मध्ये 40 तालुके दुष्काळी जाहीर केले. एकक गावाऐवजी तालुका झाल्याने सरासरीवरचा जुना आक्षेप मिटला नाही, उलट रुंदावला. 2023 मध्ये सुमारे हजार महसूल मंडळांना (तालुक्यातील गावांच्या गटांना) वेगळ्याने सवलती द्याव्या लागल्या, त्या यामुळेच.

रोख मदतीचा पैसेवारीशी थेट संबंध नाही, हे पुष्कळदा लक्षात घेतले जात नाही. अतिवृष्टी, गारपीट वा पुरात पंचनाम्यावरून, 33 टक्के वा अधिक नुकसान असल्यास राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून शेतकऱ्याच्या खात्यात अनुदान जमा होते. 2022 च्या केंद्रीय निकषांत हे दर हेक्टरी जिरायतीस 8,500, बागायतीस 17,000 व बहुवार्षिक पिकांस 22,500 रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, असे होते. राज्याने त्याच वर्षी वाढीव दराने तीन हेक्टरपर्यंत मदत दिली.

चराऊ रानाची पैसेवारी काढीत नाहीत. मेंढपाळांना मदत मिळते ती जनावर दगावल्यावर. 2022 च्या निकषांत शेळी वा मेंढीमागे 4,000 रुपये.