ग्रंथालयाचा पाच वर्षांचा आराखडा मंजुरीला पाठवताय? फाईल परत का येते ते आधी बघा

विद्यापीठ ग्रंथालयाचा पुढच्या काही वर्षांचा आराखडा मंजूर करून घ्यायचा तर फॉर्म, कव्हरिंग लेटर, सॉफ्ट कॉपी हे एका दुपारचं काम आहे. त्यात कोणी अडकत नाही. फाईल परत येते ती दुसऱ्याच कागदांवरून, आणि दरवेळी तेच कागद.

आधी पात्रता. प्रस्ताव साधारणपणे ग्रंथपालांनी द्यायचा असतो, तोही ग्रंथालय समितीमार्फत. एखाद्या विभागाने परस्पर पाठवला तर कितीही चांगला असो, आवक टेबलाच्या पुढे सरकत नाही, त्यामुळे विभागाला काही हवं असेल तर समितीला लेखी द्या.

आता पहिला अडथळा, समितीचं इतिवृत्त. "समितीची मान्यता आहे" एवढं पत्रात लिहून भागत नाही, ठराव क्रमांक आणि सही असलेलं इतिवृत्त लागतं, आणि ते कायम, म्हणजे अधिकृतपणे मंजूर, होतं पुढच्या बैठकीत, आणि पुढची बैठक कधी हे अध्यक्षांनाही माहीत नसतं! म्हणून नियमात बसत असेल तर त्या ठरावापुरता उतारा अध्यक्षांच्या सहीने बैठकीच्याच दिवशी घेऊन ठेवा. हजेरीपत्रकही बघा, गणसंख्या पुरली नसेल तर ठरावाला काही अर्थ नाही.

परिपत्रकातली शेवटची तारीख बहुतेकजण चुकीची वाचतात. ती बऱ्याचदा फाईल वित्त विभागात आवक होण्याची असते, ग्रंथालयातून निघायची नाही. मधली टेबलं, सुट्ट्या, बैठकीच्या नोटिशीचे दिवस हे सगळं त्या तारखेपासून मागे मोजत या, आणि शंका असेल तर लेखी विचारा, तोंडी उत्तराला पुरावा नसतो.

सगळ्यात जास्त त्रुटी निघतात वापराच्या आकडेवारीत. ई-जर्नल्ससाठी प्रकाशकाच्या डॅशबोर्डचा स्क्रीनशॉट जोडू नका, प्रत्येकाची मोजायची पद्धत वेगळी, तुलना होतच नाही. काउंटर मानकाचे, म्हणजे सगळ्या प्रकाशकांनी ऑनलाइन वापर एकाच पद्धतीने मोजावा म्हणून ठरवलेल्या नियमांप्रमाणे काढलेले, रिपोर्ट मागा. त्यातही टोटल रिक्वेस्ट आणि युनिक रिक्वेस्ट हे दोन वेगळे आकडे आहेत: एकाच विद्यार्थ्याने एकाच बैठकीत तोच लेख आधी स्क्रीनवर उघडला आणि मग पीडीएफ उतरवली तर टोटल २, युनिक १. प्रति वापर खर्च काढताना एका वर्षी हा आणि दुसऱ्या वर्षी तो धरला की वापर अचानक दुप्पट झालेला दिसतो आणि लेखा विभाग बरोबर तिथेच बोट ठेवतो. मानकाचा रिलीज, म्हणजे आवृत्ती, ५.१ जानेवारी २०२५ पासून लागू झालाय, तेव्हा कुठल्या वर्षाचा डेटा कुठल्या रिलीजचा ही तळटीप टाकाच. आणि टीआर-जे२ रिपोर्ट विसरू नका, लायसन्स नाही म्हणून किती जण दारातून परत गेले ते त्यात दिसतं, नव्या जर्नलची मागणी दाखवायला यापेक्षा चांगला कागद नाही. छापील पुस्तकांचे आकडे आयएसओ २७८९ या ग्रंथालय आकडेवारीच्या आंतरराष्ट्रीय मानकातल्या व्याख्यांप्रमाणे दिलेत तर "देवघेव म्हणजे काय धरलंय" हा प्रश्नच येत नाही.

"छापील अंक बंद करून ऑनलाइनवर जाऊ" असं आराखड्यात असेल तर लायसन्स कराराची प्रत जोडावी लागते. ही कोणाकडेच नसते. खरेदी विभाग म्हणतो ग्रंथालयाकडे, ग्रंथालय म्हणतं खरेदीकडे. शेवटी प्रकाशकाकडून मागवा आणि वर्गणी थांबली तरी जुने अंक कायम वाचायला मिळतील का, हे कलम हायलाइट करून द्या. नसेल तर तसं स्पष्ट लिहा, लपवून काही मिळत नाही.

जागेचा प्रश्न सरकत्या कपाटांनी सुटेल असं सगळ्यांनाच वाटतं, पण त्यांचा जमिनीवर पडणारा भार साध्या रॅकच्या जवळपास दुप्पट धरतात. वरच्या मजल्यावर ठेवायची असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र नसताना फाईल पाठवूच नका. साठा पडताळणीचा अहवालही ताजा हवा, कॅटलॉगवर असलेली आणि रॅकवर नसलेली पुस्तकं धरून कोणी जागा मागू नये.

पैशांचा तक्ता दोन भागांत करा, एकदाच होणारा खर्च वेगळा आणि दरवर्षीचा वेगळा. डिजिटल रिपॉझिटरीचं, म्हणजे प्रबंध-लेख ऑनलाइन साठवून ठेवायचं, सॉफ्टवेअर, म्हणजे डीस्पेससारखं, फुकट मिळतं म्हणून खर्च शून्य दाखवणारे प्रस्ताव येतातच, पण सर्व्हर, बॅकअप आणि ते सांभाळणारा माणूस याचं काय? माणसाचं पद आधीच मंजूर आहे का हेही लिहा, नाहीतर आस्थापना विभागाचा वेगळा शेरा येतो.

एवढं करूनही त्रुटीपत्र आलंच तर नवी फाईल बनवू नका. जुन्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन मुद्देनिहाय उत्तर द्या आणि मूळ आकड्यांना हात लावू नका. एखादा बदलावाच लागला तर कुठला, का आणि कोणाच्या सांगण्यावरून ते त्याच पानावर लिहा.