नैसर्गिक किनारा संरक्षण (कोकण)

किनाऱ्याची धूप आणि भरतीचं पाणी रोखायला नुसती दगड-काँक्रीटची भिंत न घालता कांदळवन (खारफुटीचं जंगल), वाळूच्या टेकड्या आणि पुळणीवरची, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरची, झाडंवेली राखायची, यालाच नैसर्गिक किनारा संरक्षण म्हणतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर खाडीचा चिखल वेगळा आणि उघडी पुळण वेगळी, एकीकडचा उपाय दुसरीकडे चालत नाही.

खाडीत काम करतात ती तिवर, चिपी, कांदळ ही झाडं. त्यांच्या मुळांच्या जाळ्यात पाण्याचा जोर मोडतो, पाणी संथ झालं की गाळ तिथेच बसतो आणि जमीन हळूहळू वर येते. ओडिशात 1999 च्या महाचक्रीवादळात केंद्रपाडा जिल्ह्यातल्या ज्या गावांपुढे कांदळवनाचा पट्टा जास्त रुंद होता तिथे माणसं कमी दगावली, हे नंतरच्या अभ्यासात दिसलं.

पुळणीचं गणित वेगळंय. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात, ती जवळच पाण्याखाली साठते आणि पाऊस सरला की शांत लाटा त्यातली बरीचशी परत आणून टाकतात, म्हणजे टेकडी ही वाळूची शिल्लक असते आणि वाळूवर पसरणारी मर्यादवेल ती धरून ठेवते. (रत्नागिरी जिल्ह्यातल्या केळशीची टेकडी बघितली की ही शिल्लक केवढी मोठी असू शकते ते कळतं.) तिथे उभी भिंत घातली की लाट आपटून मागे फिरते, पायथ्याची वाळू उकरते, समोरची पुळण बारीक होत जाते आणि धूप भिंतीच्या टोकाकडे, शेजारच्या गावाकडे सरकते, मग त्या गावालाही असाच बंधारा हवा होतो!

उघड्या पुळणीवर कांदळ लावणं फुकट जातं, रोपं लाटेत टिकत नाहीत. सरसकट सुरूची झाडं लावणंही बरं नाही, त्यांच्या पडलेल्या काड्यांच्या थराखाली मर्यादवेल नीट वाढत नाही.

राज्याने 2012 मध्ये वनखात्यात कांदळवन कक्ष काढला, 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनतोडीवर कडक बंदी घातली, 2020 मध्ये पांढरी चिपी राज्य कांदळवृक्ष झाली. टेकड्यांनाही सीआरझेडचं (किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांचं) संरक्षण आहे, पण त्यांच्याकडे कांदळवनाइतकं लक्ष कोणी देत नाही आणि हे खरंच चुकतंय. टेकडीला मागे सरकायला जागा लागते, कोकणात मात्र लगेच मागे रस्ता नाहीतर नारळ-पोफळीची वाडी असते, तिथे काही ठिकाणी बंधारा टळत नाही.