एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रेलर: नोंदणी, परवाना आणि कागदपत्रं

कारखान्याचा बॉयलर पेटला की गावोगावच्या वर्कशॉपमध्ये ट्रेलरच्या दांड्यांना वेल्डिंग मारायची घाई सुरू होते. कागदांची घाई मात्र रस्त्यात आरटीओचं भरारी पथक दिसल्यावरच. ऊस वाहतुकीसाठी यंदा दोन ट्रेलर जोडायचे असतील तर खालची माहिती हंगामाआधी वाचून ठेवा.

दोन ट्रेलर कायद्यात बसतात का?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये दुसऱ्या ट्रेलरला सरसकट मनाई नाही. उलट कलम ६१ मध्ये एकामागे एक जोडलेल्या ट्रेलरांचा विचार केलेला आहे: ओढणाऱ्या वाहनाचा नोंदणी क्रमांक शेवटच्या ट्रेलरवर दिसला पाहिजे, असं ते कलम सांगतं. म्हणजे ट्रेलरवर त्याचा स्वतःचा नंबर हवा, आणि सगळ्यात मागच्यावर ट्रॅक्टरचाही. हे निम्म्या लोकांना माहीत नसतं आणि नेमकं तिथेच चलन फाटतं.

पण अधिनियमात मनाई नाही म्हणजे कुठल्याही रस्त्यावर, कसेही दोन लावा असं नव्हे. कलम ११५ नुसार राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली यंत्रणा एखाद्या भागात वा रस्त्यावर ट्रेलर वापरण्यावर बंदी किंवा बंधन घालू शकते. महाराष्ट्राच्या १९८९ च्या मोटार वाहन नियमांतही ट्रेलरसाठी वेगळ्या अटी आहेत. त्यामुळे ट्रॅक्टरचं आरसी बुक आणि दोन्ही ट्रेलरांचे कागद घेऊन आपल्या आरटीओत जा आणि या जोडणीबद्दल लेखी विचारा. एजंटच्या ‘चालतंय की’वर विसंबू नका, कारण दंडाची पावती एजंटच्या नावाने निघत नाही.

एक गोष्ट पक्की धरा: कायद्याच्या नजरेत प्रत्येक ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. ट्रॅक्टरमागे दोन जोडले की रस्त्यावर तीन वाहनं झाली, आणि कागदही तिन्हींचे लागतात.

पात्रता: शेतीचा ट्रॅक्टर की भाड्याचा?

सरकारच्या वाहन नोंदणीच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत शेतीचा ट्रॅक्टर आणि व्यावसायिक ट्रॅक्टर असे वेगळे वर्ग आहेत. ट्रेलरचेही तसेच दोन. स्वतःच्या रानातला ऊस स्वतः नेणारा शेतकरी पहिल्या वर्गात मोडतो. त्यासाठी सातबारा आणि आठ-अ उतारा जवळ ठेवा. दुसऱ्यांचा ऊस, वाळू, विटा भाड्याने वाहायच्या असतील तर गोष्ट बदलते. ट्रॅक्टर आणि ट्रेलर मिळून मालवाहू वाहन होतं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये नटवर पारिख विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात दिला आहे. मालवाहू म्हटलं की व्यावसायिक नोंदणी, योग्यता प्रमाणपत्र (रोजच्या भाषेत पासिंग) आणि परमिट हे सगळं मागोमाग येतं. कारखान्याशी वाहतूक करार करणाऱ्या बहुतेकांचं गाडं इथेच अडतं: आरसीवर शेती, काम भाड्याचं.

नवीन ट्रेलरच्या नोंदणीसाठी

ताबा मिळाल्यापासून सात दिवसांत अर्ज करायचा असतो. नमुना २० मधला अर्ज, विक्रेत्याचं नमुना २१ मधलं विक्री प्रमाणपत्र, नमुना २२ मधलं रस्तायोग्यता प्रमाणपत्र, विमा, पत्त्याचा पुरावा आणि शुल्क एवढं तर लागतंच. बँकेचं कर्ज असेल तर बोजा नोंदवायला नमुना ३४ जोडा. ट्रेलरला इंजिन नसतं, त्यामुळे सगळी ओळख चेसिस नंबरवर. तो फ्रेमवर ठोकलेला हवा आणि पेन्सिल प्रिंट (नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा) स्वच्छ उठली पाहिजे. रंगाचे चार थर चढले असतील तर आधी खरवडून घ्या.

खरा अडसर आहे तो डिझाइनच्या मंजुरीचा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ४७ प्रमाणे ट्रेलरच्या अर्जासोबत डिझाइन मंजूर झाल्याचा कागद द्यावा लागतो. त्या डिझाइनच्या नमुना-ट्रेलरची (प्रोटोटाइपची) चाचणी नियम १२६ मध्ये नेमलेल्या संस्थांकडे होते. पुण्यातली एआरएआय, सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या त्यांपैकीच. गावातल्या मिस्त्रीने चॅनेल आणि ट्रकचा जुना आस घेऊन बनवलेला ट्रेलर कितीही दणकट असला तरी हा कागद त्याच्याकडे नसतो. वीस-तीस हजार वाचले म्हणून तो घेतला तर नोंदणी होत नाही. विनानोंदणी वाहनाला कलम १९२ खाली पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे, दुसऱ्यांदा १०,००० पर्यंत किंवा कैदही.

जुना ट्रेलर घेत असाल तर मालकी बदलायला नमुना २९ आणि ३०, बोजा उतरवायला नमुना ३५, आणि दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतला असेल तर नमुना २८ मधली ना-हरकत. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. नुसत्या स्टॅम्पवरच्या व्यवहाराने मालकी बदलत नाही.

विमा आणि लायसन्स

ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रेलर आपोआप येत नाही. दोन्ही ट्रेलरांचे चेसिस नंबर पॉलिसीत लिहून घ्या आणि वापर ‘शेती’ लिहिलाय की ‘भाडे’ ते वाचा. अपघातानंतर विमा कंपनी पहिल्यांदा याच दोन ओळींवर बोट ठेवते.

ट्रॅक्टर चालवायला हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या ६ नोव्हेंबर २०२४ च्या निकालानंतर त्यावर ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहनही चालवता येतं. उसाने भरलेले दोन ट्रेलर या आकड्याच्या कितीतरी पुढे जातात. म्हणून भाड्याच्या कामावर ट्रान्सपोर्ट लायसन्सचाच ड्रायव्हर ठेवावा, असं माझं मत. त्याला वयाची २० वर्षं पूर्ण हवीत.

वजन, ब्रेक आणि रात्र

आरसीवर लिहिलेल्या एकूण वजनापेक्षा जास्त भरलं तर कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. म्हणजे तीन टन जादा भरले की २६,०००. ऊस फाळक्याबाहेर (ट्रेलरच्या कडेच्या फळीबाहेर) आडवा आला किंवा ठरलेल्या उंचीच्या वर गेला तर वेगळे २०,०००. टनावर वाहतूक मिळते म्हणून थर चढवत नेणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

ट्रॅक्टर ५० एचपीचा आहे, दोन सहज ओढतो, असं ऐकायला मिळतं. ओढेल हो, पण थांबवेल का? साध्या टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला ब्रेक मागच्या दोन चाकांनाच असतात, त्याचं स्वतःचं वजन दोन-अडीच टन, आणि ट्रेलरला बहुधा ब्रेकच नसतात. उतारावर मागचं वजन ट्रॅक्टरला ढकलतं आणि दांडी आडवी होते. उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाका. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्याला ट्रॅक्टर देऊच नका. जोडाच्या पिनेला लॉक हवं आणि सोबत साखळीही.

रानातून दोन्ही भरलेले ट्रेलर एकदम काढू नयेत. जाणते ड्रायव्हर एकेक ओढून डांबरीवर आणतात आणि तिथे जोडतात. जागा आधीच बघून ठेवा, कारण चारचाकी ट्रेलरांची जोडी मागे घेणं जवळपास अशक्य असतं.

रात्री अडचण वेगळीच. मागे लोंबणारी वाढी (उसाचे हिरवे शेंडे) दिवा, रिफ्लेक्टर आणि नंबर तिन्ही झाकून टाकतात. भरून झालं की मागची बाजू कोयत्याने छाटून घ्या आणि लाल पट्टी फाळक्याच्या अगदी खालच्या कडेला लावा. मार्ग ठरवताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग वगळा. तिथे ट्रॅक्टरला प्रवेशच नाही, मग मागे एक ट्रेलर असो की दोन.