आधी जेवणाची वेळ, मग गावं: दॉर्दोन्य खोऱ्यात स्वतः गाडी चालवत फिरणाऱ्या गटांसाठी

आम्ही आखून दिलेला नैर्ऋत्य फ्रान्सच्या सहलीचा आराखडा हातात पडला की बहुतेक गटांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दिवसाला दोनच गावं? नकाशात तर सगळी चिकटून आहेत!" आहेतच. बेनाक ते ला रोक-गाजाक ५ किलोमीटर, तिथून नदी ओलांडून दॉम साधारण तेवढंच, सार्ला ते दॉम १२-१३. अंतरामुळे दिवस कधीच वाया जात नाही. तो जातो दुपारी बारा ते अडीचच्या मध्ये.

दिवस कुठे अडतो

नऊ जण, दोन न्हाणीघरं. घरातून निघेपर्यंत साडेदहा. गावाबाहेर गाडी लावून, यंत्रातून पार्किंगची पावती काढेपर्यंत सव्वाअकरा. मग गल्ल्या, फोटो, चढण. पावणेदोनला भूक लागते. पहिल्या हॉटेलात टेबलं रिकामी दिसतात, पण स्वयंपाकघर बंद झालेलं असतं. दुसरीकडे तेच. बेकरी साडेबारा-एकलाच बंद झालेली, ती उघडणार साडेतीन-चारला. मग कुणीतरी सुपरमार्केट शोधतं, ते २० मिनिटांवर. पार्किंगमध्ये उभ्याने सँडविच खाऊन होईपर्यंत सव्वातीन वाजतात, आणि दुसऱ्या गावात पोहोचतो तो गट दमलेला आणि आपसात धुसफुसणारा असतो.

यात हॉटेलवाल्याचा आडमुठेपणा नाही. खेड्यातल्या हॉटेलात आत एक आचारी आणि बाहेर एक-दोन वाढणारे. दिवसाचा ठरलेला मेनू एकाच पंगतीसाठी शिजतो. बाराला सुरू, शेवटची ऑर्डर दीडच्या आसपास. दोननंतर विनंती करून उपयोग होत नाही, कारण चूलच बंद असते. जुलै-ऑगस्टमध्ये रोकामादूरसारख्या गर्दीच्या ठिकाणी दिवसभर काही ना काही मिळतं. मे-जूनमध्ये त्यावर विसंबू नका. सोमवारी तर अनेक हॉटेलं दिवसभर बंदच असतात.

म्हणून आम्ही दिवस उलटा आखतो. आधी जेवणाचं गाव ठरतं, तिथे सव्वाबाराचं टेबल, मग त्याच्या मागेपुढे बाकीचं. एक वाजताचं का नाही? नऊ जणांच्या ऑर्डरी घेऊन त्या ताटात येईपर्यंत अर्धा-पाऊण तास सहज जातो. सव्वाबाराला बसलात तर दोनला मोकळे होता, आणि थोड्याच वेळात बंद दुकानंही उघडू लागतात. टेबल किमान आदल्या दिवशी फोन करून ठेवावं लागतं. सहा जणांपेक्षा मोठा गट न सांगता दारात उभा राहिला, तर जागा असूनही नकार मिळतो. आमच्या आराखड्यात ही टेबलं आम्ही आधीच ठरवलेली असतात. ती बदलायची असतील तर आदल्या संध्याकाळी सहापर्यंत (तिथल्या वेळेनुसार) कळवा, आम्ही फोन करतो. न कळवता गैरहजर राहू नका. पुढच्या गटाला त्याच आचाऱ्याकडे जेवायचं असतं.

दुपार छोटी होईल ही भीती सोडा. जूनमध्ये रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो. ला रोक-गाजाकची नावेची फेरी साधारण तासाभराची. ती तीनला घेऊन बेनाकच्या किल्ल्यावर पाचला जाता येतं. बेनाकला नदीकाठून किल्ल्यापर्यंतची फरसबंद चढण चांगलीच खडी आहे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना गाडीने वर, किल्ल्याजवळच्या पार्किंगला सोडा. ते वरून उतरतील, बाकीचे खालून चढतील.

आठवडी बाजार मात्र बहुतेक सकाळचेच. सार्लाला बुधवारी आणि शनिवारी, सॅं-सिप्रियाँ आणि इसिझाकला रविवारी, ल ब्यूगला मंगळवारी, दॉमला गुरुवारी. साडेबाराला सामान आवरायला सुरुवात होते, त्यामुळे बाजाराच्या दिवशी घरातून आठला निघा. हा एकच नियम आम्ही हट्टाने पाळायला सांगतो.

शाकाहारी मंडळींसाठी, नीट वाचा

हा बदकाचा प्रांत आहे. 'सार्लादेझ' बटाटे दिसायला आपल्या बटाट्याच्या काचऱ्यांसारखे, पण परततात बदकाच्या चरबीत. लसणाचं 'तुराँ' सूपही बरेचदा याच चरबीत किंवा हंसाच्या चरबीत होतं. 'पेरिगुर्दीन' सॅलडमध्ये पानांखाली बदकाचे गिझर्ड (पोटातला स्नायूचा भाग) निघतात. "मांस नको" एवढं सांगून भागत नाही, कारण चरबी हे तिथे मांस समजलं जात नाही. वाक्य असं: "साँ व्यांद, साँ प्वासाँ, साँ ग्रेस द कानार", म्हणजे मांस नको, मासे नकोत, बदकाची चरबी नको. हमखास चालणाऱ्या गोष्टी: रोकामादूरचं बकरीचं चीज टोस्टवर, अक्रोड घातलेलं सॅलड, लोण्यात केलेलं ऑम्लेट (अंडं चालत असेल तर). टेबल ठरवताना हे आम्ही फोनवर सांगतोच, तरी बसल्यावर एकदा पुन्हा सांगा.

घरून डबे नेणाऱ्यांनी लक्षात ठेवा: युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, खवा बॅगेत नको. ताज्या भाज्या आणि कढीपत्ताही नको. कोरडी चटणी, मेतकूट, पोहे, डाळ-तांदूळ यांना अडचण नाही.

नऊ आसनी गाडी म्हणजे सात माणसं

फ्रान्समध्ये साध्या कारच्या परवान्यावर चालकासह जास्तीत जास्त नऊ आसनांची गाडी चालवता येते. पण नऊही आसनं भरली की मागे उरणाऱ्या जागेत, आखूड गाडी असेल तर, चार-पाच मोठ्या बॅगा जेमतेम मावतात. म्हणून आम्ही सातपर्यंत एक व्हॅन देतो आणि आठ-नऊ जणांना दोन गाड्या सुचवतो. हे जादा बिल वाटतं, पण दोन लहान गाड्या अरुंद गल्लीत वळतात, आणि व्हॅन सुमारे दोन मीटर उंच असल्याने शहरातल्या अनेक तळघरातल्या पार्किंगांत शिरत नाही. मुलांना मांडीवर घेता येत नाही. दहा वर्षांखालच्यांना मागच्या बाजूला, उंची-वजनानुसार लागणाऱ्या खुर्चीतच बसवावं लागतं.

ऑटोमॅटिक व्हॅन मोजक्याच असतात. मे-जूनसाठी निदान तीन-चार महिने आधी सांगा. अनामत रक्कम मुख्य चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डवरच अडकवली जाते, फॉरेक्स कार्ड बहुतेक ठिकाणी चालत नाही. आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना आणि मूळ परवाना, दोन्ही जवळ ठेवा. करारात नाव नसलेल्या माणसाने गाडी चालवली तर विमा लागू होत नाही, काका कितीही अनुभवी असोत.

पॅरिसहून गाडीने येऊ नका. साडेपाच तास निव्वळ हायवे. रेल्वेने बोर्दोला दोन-सव्वादोन तासांत पोहोचता, तिथून गाडी घेऊन सार्ला अडीच तास.

रस्त्यावर तीन गोष्टी. लाल चौकटीची गावाच्या नावाची पाटी दिसली की वेगमर्यादा ५०, आकडा लिहिलेला नसला तरी. त्याच नावावर लाल तिरकी रेघ असलेली पाटी आली की ती संपली. बाहेरच्या दुपदरी रस्त्यांवर साधारण ८०. गावात पाटी किंवा खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो कितीही छोट्या गल्लीतून येत असो. गोल चौकात मात्र बहुतेक ठिकाणी आत फिरणाऱ्याला. डिझेलच्या पंपावर चौकोनात 'बी ७' किंवा 'गाझोल' लिहिलेलं असतं, पेट्रोलला गोलात 'ई ५' किंवा 'ई १०'. वेगाचा दंड भाड्याच्या कंपनीमार्फत घरी येतो, वर कंपनीचं शुल्क.

घर

आम्ही रोज मुक्काम बदलत नाही. एका घरी किमान तीन रात्री, शक्यतो पाच. जुलै-ऑगस्टमध्ये तर बरीच घरं शनिवार ते शनिवारच मिळतात. ताबा साधारण चार ते सातमध्ये घ्यायचा. उशीर होणार असेल तर मालकाला कळवा. चादरी-टॉवेल आणि शेवटची साफसफाई अनेकदा वेगळ्या पैशांत असते, ते आमच्या कोटेशनमध्ये आधीच धरलेलं आहे. अनेक घरांत इंडक्शन शेगडी असते, त्यावर ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही. इंडक्शनवर चालणारा स्टीलचा न्या.

मेमध्ये जाणाऱ्यांनी १ आणि ८ तारीख, आणि असेन्शन या ख्रिस्ती सणाचा गुरुवार (तारीख दरवर्षी बदलते) या सुट्ट्या आधी पाहून घ्या. महाराष्ट्र दिनी तिथेही जवळपास सगळं बंद असतं. आदल्या दिवशी किराणा भरा. रविवारी बरीचशी सुपरमार्केटं दुपारी साडेबारालाच बंद होतात.

आराखडा मागवताना प्रत्येकाचं वय, कोण काय खात नाही, गाडी कोण-कोण चालवणार, मॅन्युअल चालेल का आणि तुमचा गट सकाळी खरोखर किती वाजता घराबाहेर पडतो, हे लिहून पाठवा. शेवटचं उत्तर आशेने नको, सवयीने द्या. त्यावरून पहिल्या सकाळचं गाव ठरतं.