दंतसीलंट (मुलांच्या दाढांचे)

दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागावरील खाचा रेझिनाच्या (राळेसारख्या कृत्रिम पदार्थाच्या) किंवा ग्लास आयोनोमरच्या (एका प्रकारच्या दंतसिमेंटच्या) पातळ थराने बुजवून कीड रोखण्याची पद्धती. भरणीप्रमाणे यात दाढ सहसा कोरावी लागत नाही.

उगमाविषयी एकमत नाही. १८९५ मध्ये विल्सन यांनी खाचांत दंतसिमेंट भरल्याचा उल्लेख आढळतो व काही लेखक इतिहासाचा आरंभ तेथूनच मानतात. हायट यांनी १९२३ मध्ये निरोगी दाढेच्याही खाचा कोरून आधीच भरून टाकाव्यात असे सुचविले; बोडेकर यांनी १९२९ मध्ये खाचा घासून रुंद करण्याचा मार्ग मांडला. दोन्हींत निरोगी दंतवल्क (दाताचे कठीण बाह्य कवच) खर्ची पडे, त्यामुळे त्यांना सीलंटचे पूर्वज म्हणणे जरा सैलच. बुओनोकोरे यांनी १९५५ मध्ये ८५% फॉस्फोरिक अम्लाने दंतवल्क खडबडीत केल्यास त्यावर ॲक्रिलिक रेझीन घट्ट बसते असे दाखविले. हल्ली सुमारे ३७% अम्ल वापरतात. क्वेटो व बुओनोकोरे यांनी १९६७ मध्ये ही युक्ती प्रत्यक्ष खाचांना लावली. त्यांनी वापरलेले सायनोॲक्रिलेट (झटपट चिकटणारा गोंद) तोंडाच्या ओलाव्यात टिकत नसे. त्याची जागा बोवेन यांच्या बिस-जीएमए नावाच्या रेझिनाने घेतली. बीज १९५५ चे व आरंभ १९६७ चा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

मुलाला सीलंट हवे की नको, हे केवळ वयावर ठरत नाही. दाढ उगवण्याची वेळ मात्र महत्त्वाची. पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे, एकही दात न पडता येते. ‘दुधाचीच आहे, पडेल’ असे म्हणून घरात तिच्याकडे दुर्लक्ष होते. दुसरी बाराव्या वर्षाच्या सुमारास येते. दंतवैद्य दाढ वाळवून खाच पाहतात. उथळ, पसरट खाच ब्रशने साफ होते. अरुंद व खोल खाचेत ब्रशचा केसही शिरत नाही. दुधाच्या दाढा किडलेल्या असतील तर कायमच्या दाढांनाही धोका अधिक. वाळवल्यावर नुसता पांढरट डाग दिसला तरी सीलंट चालते. खड्डा पडला असेल तर भरणीच करावी लागते. अर्धवट उगवलेल्या, हिरडीने झाकलेल्या दाढेवर लाळेमुळे रेझीन धरत नाही. तेथे तूर्त ग्लास आयोनोमर लावतात.

सरसकट सर्वांना लावावे की धोका पाहून, हा वाद जुना आहे. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यातील हिशेबानुसार, सीलंटविना दोन वर्षांत ४०% पृष्ठभाग किडत असतील तेथे रेझीन सीलंटने ते प्रमाण ६.२५% वर येते. ७०% असतील तेथे सुमारे १९% वर. मूळ धोका जितका मोठा तितक्या अधिक दाढा वाचतात. त्यामुळे दुसऱ्या, म्हणजे धोका पाहून लावण्याच्या पक्षाकडे कल राहतो.

हा धोका खाण्याच्या सवयींशीही जोडलेला आहे. इंदूरच्या मराठी घरांतही सकाळी पोहे-जिलबी, रात्री सराफा (तेथील रात्रीचा खाऊबाजार) असा क्रम अपरिचित नाही. दंतवैद्याच्या दृष्टीने गोड किती खाल्ले यापेक्षा दिवसात किती वेळा खाल्ले हे मोलाचे. शहराला नळाचे पाणी मुख्यतः नर्मदाकाठच्या जलूद गावाहून उचललेल्या नर्मदेचे मिळते; शेजारच्या धार व झाबुआ जिल्ह्यांत मात्र काही ठिकाणी भूजलात फ्लोराइड मर्यादेबाहेर आढळते. ‘पाण्यात फ्लोराइड आहे, मग सीलंट कशाला’ हा युक्तिवाद लंगडा आहे, कारण फ्लोराइड दाताच्या गुळगुळीत बाजूंना जेवढे राखते तेवढे खाचांना राखत नाही. शिवाय फ्लोराइडच्या अतिरेकाने डागाळलेले दंतवल्क अम्लाला सहज दाद देत नाही. अशा भागातून आलेल्या मुलाच्या दाढेवर अम्ल अधिक वेळ ठेवावे लागते. सीलंटचा टवका उडाला की खाच पुन्हा उघडी पडते, म्हणून सहा महिन्यांच्या तपासणीत थर शाबूत आहे का ते पाहून गरजेनुसार पुन्हा लावतात.