कुणाला, केव्हा माहीत होतं?

1959च्या ऑक्टोबरात जपानमधल्या मिनामाता इथे एका मांजराला झटके येऊ लागले, चालताना त्याचा तोल जाऊ लागला. तिथल्या कोळीवस्त्यांत अशी मांजरं काही वर्षांपासून दिसत होती. माणसंही तशीच आजारी पडत होती. हातापायांची बोटं बधिर व्हायची, नजरेचा आवाका आक्रसायचा, बोलणं अडखळायचं आणि काहींचा त्यात मृत्यू व्हायचा. हे मांजर मात्र कोळीवस्तीतलं नव्हतं. ते चिस्सो या रसायन कंपनीच्या दवाखान्यात ठेवलेलं होतं, त्याला 400 हा क्रमांक होता आणि कंपनीचेच डॉक्टर हाजिमे होसोकावा जुलैपासून त्याच्या खाण्यात कारखान्याचं सांडपाणी मिसळत होते.

या अनोळखी आजाराची पहिली अधिकृत वर्दी 1956च्या मे महिन्यात होसोकावांच्याच दवाखान्यातून गेली होती. तीन वर्षांनी त्यांच्यापुढे उत्तरही होतं. त्यांनी ते व्यवस्थापनाच्या कानावर घातलं. तेव्हा प्रयोग पुढे न्यायला मनाई झाली आणि निष्कर्ष कारखान्याच्या भिंतीआड राहिला. त्याच डिसेंबरात कंपनीनं रुग्णांशी ‘सांत्वनपर’ रकमेचा करार केला. उद्या कारखानाच कारणीभूत ठरला तरी आणखी भरपाई मागायची नाही, अशी अट त्यात होती. मासे विकले जात नव्हते, घरात आजारी माणसं होती. लोकांनी सह्या केल्या. ज्या प्रक्रियेतून हे विष निघत होतं ती कारखान्यानं 1968 साली बंद केली.

पर्यावरणाच्या ऱ्हासाला माणूस जबाबदार आहे, हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकून आता कुणीच दचकत नाही. मला ते अपुरंही वाटतं. मिनामातात समुद्रावर जगणारा कोळी माणूसच होता, प्रयोग करणारा डॉक्टर माणूस होता आणि तो प्रयोग थांबवणारा अधिकारीही माणूसच. तिघांना एकाच शब्दात बसवलं की जबाबदारी सगळ्यांची होते आणि कुणाचीच उरत नाही. त्यापेक्षा नेमका प्रश्न आहे तो असा: कुणाला, केव्हा माहीत होतं, आणि त्यानंतर त्यानं काय केलं? या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग विज्ञानाचा आहे. दुसऱ्या अर्ध्याशी साहित्य आणि सिनेमा फार पूर्वीपासून झुंजत आले आहेत.

आधी विज्ञानाकडे पाहू. समुद्र अथांग आहे, त्यात सोडलेलं काहीही विरळ होऊन नाहीसं होईल, असं तेव्हा सर्रास मानलं जाई. चिस्सोच्या कारखान्यात अ‍ॅसिटाल्डिहाइड हे रसायन तयार करताना पाऱ्याचं संयुग उत्प्रेरक म्हणून वापरत आणि त्या प्रक्रियेत थोडा मिथाइल पारा, म्हणजे पाऱ्याचंच एक अतिविषारी रूप, तयार होई. तो पाण्यात विरळ झालाही. पण सजीवांनी तो पुन्हा गोळा केला. सूक्ष्म प्लवकांत तो शिरला, प्लवक खाणाऱ्या लहान माशांत साठला, त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांत आणखी साठला. शरीरातून तो फार हळू बाहेर पडतो, त्यामुळे अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर त्याचं प्रमाण वाढत जातं. समुद्र जे पातळ करतो, ते अन्नसाखळी दाट करते. साखळीच्या टोकाला होती रोज मासे खाणारी कोळी कुटुंबं आणि त्यांची मांजरं.

दुसरा समज आणखी खोलवर रुजलेला होता. आईच्या पोटातली वार बाळाला विषापासून वाचवते, असं वैद्यकशास्त्र धरून चालत होतं. मिनामातात मात्र स्वतः फारशी लक्षणं नसलेल्या आयांच्या पोटी गंभीर मेंदूविकार असलेली मुलं जन्मली. मिथाइल पारा वार ओलांडून गर्भाच्या मेंदूत पोचतो, हे 1960च्या दशकाच्या सुरुवातीला स्पष्ट झालं. पुढे त्याचा पुरावा घराघरांतून मिळाला. तिथे बाळाची वाळलेली नाळ छोट्या डबीत जपून ठेवतात. संशोधकांनी अशा नाळा तपासल्या, तेव्हा त्यांत मिथाइल पारा सापडला. ज्या वर्षांत कारखान्याचं उत्पादन वाढलं होतं, त्या वर्षांतल्या नाळांमध्ये तो अधिक होता. मायेनं जपलेली ती वस्तू अखेर कारखान्याच्या विरोधातली नोंदवही ठरली.

असे नकळत जपलेले पुरावे पर्यावरणाच्या विज्ञानात पुन्हा पुन्हा भेटतात. ब्रिटनमध्ये बहिरी ससाण्यांची संख्या का घटतेय, याचा शोध डेरेक रॅटक्लिफ घेत होते. त्यांनी हौशी संग्राहकांनी वर्षानुवर्षं जमवलेली अंड्यांची कवचं मोजली आणि 1967 साली दाखवून दिलं की 1940च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ती एकाएकी पातळ झाली होती. डीडीटी या कीटकनाशकाचा वापर वाढला तो काळ तोच. या डीडीटीबद्दलचा इशारा रेचल कार्सन यांच्या 1962च्या ‘सायलेंट स्प्रिंग’नं आधीच दिला होता. कार्सन स्वतः सागरी जीवशास्त्रज्ञ, पण पुस्तकाची सुरुवात त्यांनी आकडेवारीनं केली नाही, एका काल्पनिक गावाच्या गोष्टीनं केली. वसंत आलाय आणि पक्ष्यांचा आवाज नाही, असं ते गाव. विरोधकांनी या गोष्टीवरूनही त्यांना झोडपलं. मला मात्र तो निर्णय अत्यंत शहाणपणाचा वाटतो. रेणूचा प्रवास वाचकाला दिसत नाही, शांतता मात्र ऐकू येते.

आता प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. नॉर्वेचे नाटककार हेन्रिक इब्सेन यांनी 1882 साली ‘एनिमी ऑफ द पीपल’ हे नाटक लिहिलं. गावाचं सगळं अर्थकारण आरोग्यस्नानगृहांवर उभं आहे आणि डॉक्टर स्टॉकमन यांना कळतं की तिथलं पाणीच दूषित आहे. नमुने त्यांनी विद्यापीठात तपासून घेतले आहेत, पुरावा पक्का आहे. आपला सत्कार होईल असं त्यांना वाटतं. नगराध्यक्ष असलेला सख्खा भाऊ विरोधात जातो, वृत्तपत्र पाठ फिरवतं आणि भर सभेत त्यांना जनतेचा शत्रू ठरवलं जातं. नाटक संपतं तेव्हा डॉक्टर आपल्या कुटुंबापुरते, जवळजवळ एकटे उभे असतात.

सत्यजित राय यांनी याच नाटकावरून ‘गणशत्रू’ केला. स्नानगृहांच्या जागी मंदिराचं चरणामृत आलं, डॉक्टर झाले सौमित्र चॅटर्जी. आजारपणानंतर रायनी हा चित्रपट बव्हंशी घरांच्या आतच चित्रित केला, आणि तो नाटकासारखा बंदिस्त वाटतो अशी तक्रार तेव्हा झाली. तक्रार खोटी नाही. पण रायनी शेवट बदलला, तो मला महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या डॉक्टरला अखेर बाहेरून घोषणा ऐकू येतात, तरुण मंडळी त्याच्या बाजूनं येत असतात. एकट्या माणसाचं तेज रंगमंचावर शोभून दिसतं, पण पाण्याचे नळ त्यानं बदलत नाहीत. माहिती एकाकडून अनेकांकडे गेली तरच काही हलतं, हे रायना दिसलं होतं.

होसोकावा स्टॉकमन नव्हते. ते ओरडले नाहीत. कंपनीशी असलेली निष्ठा आणि डॉक्टरचं मन या कात्रीत ते दहा वर्षं राहिले. 1970 साली कर्करोगानं अंथरुणाला खिळलेले असताना रुग्णांनी कंपनीवर केलेल्या खटल्यासाठी त्यांनी रुग्णालयातच साक्ष दिली आणि मांजर क्रमांक 400 ची हकीकत सांगितली. काही महिन्यांतच ते गेले. 1973 साली कुमामोतो जिल्हा न्यायालयानं कंपनीला दोषी ठरवलं आणि 1959चा तो करारही रद्दबातल मानला. ‘हे विष आहे हे आम्हांला माहीत नव्हतं’ हा बचाव टिकला नाही. सांडपाणी सोडण्याआधी ते निर्धोक आहे ना हे पाहण्याचं कर्तव्य कारखान्याचंच आहे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. म्हणजे जे माहीत आहे तेवढ्याचीच नाही, जे माहीत करून घ्यायला हवं होतं त्याचीही जबाबदारी येते.

खटल्याच्या आसपासच्या काळात तिथे एक पुस्तक आणि एक चित्रपट घडत होते. मिनामातात राहणाऱ्या मिचिको इशिमुरे रुग्णांच्या घरी जात राहिल्या आणि 1969 साली त्यांचं ‘कुगाइ जोदो’ प्रसिद्ध झालं. त्यात वैद्यकीय अहवाल जसेच्या तसे येतात आणि त्यांना लागूनच कोळ्यांच्या बोलीतली मनोगतं येतात. ज्यांची वाचाच गेली होती अशांच्या मनातलंही त्या लिहितात. पुरावा आणि कल्पना इतक्या जवळ आणण्याचं धाडस क्वचितच कुणी केलं असेल. नोरिआकी त्सुचिमोतो यांच्या 1971च्या माहितीपटात रुग्ण कंपनीचा एकेक शेअर विकत घेऊन भागधारकांच्या सभेत पोचतात. अंगावर यात्रेकरूंची पांढरी वस्त्रं, आणि समोर व्यासपीठावर अध्यक्ष. तिथे एक बाई गेलेल्या आईवडलांच्या नावानं जाब विचारते. जबाबदारी म्हणजे काय, हे मी कुठल्याही व्याख्येपेक्षा या दृश्यातून शिकलो. ज्याच्यामुळे घडलं त्याला, ज्याच्यावर घडलं त्याच्या डोळ्यांत बघायला लागणं.

मोठ्या पडद्यावरचे आपत्तिपट नेमकं इथे कमी पडतात. लाट येते, शहरं गोठतात, एक बाप मुलाला वाचवतो. प्रेक्षक हादरतो, पण आपत्ती निसर्गाच्या कोपासारखी कोसळते आणि तिच्यामागचे निर्णय दिसतच नाहीत. 1954चा पहिला ‘गोजिरा’ (गॉडझिला), समुद्रातून आलेल्या राक्षसाचा जपानी चित्रपट, याला अपवाद होता. त्याच वर्षी 1 मार्चला अमेरिकेनं बिकिनी प्रवाळद्वीपावर केलेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीत ‘लकी ड्रॅगन’ या जपानी मासेमारी बोटीवरचे 23 जण किरणोत्सारी राखेत सापडले होते. बॉम्ब अपेक्षेच्या अडीच पट ताकदीचा निघाला होता. तो राक्षस कुठून आला, हे तेव्हाच्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

हवामानबदलाच्या बाबतीत कारण आणि परिणाम यांमधलं अंतर कितीतरी मोठं आहे. मिनामातात कारखाना, खाडी आणि माणसं एका गावात होती. इथे धूर एका खंडात निघतो, पूर दुसऱ्यात येतो, आणि मधे कित्येक वर्षं गेलेली असतात. तरी विज्ञानानं इथेही माग काढला आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फातल्या हवेच्या बुडबुड्यांत गेल्या 8 लाख वर्षांची नोंद आहे. उद्योगयुगापूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 280 रेणू होते, आता ते 420 च्या वर गेले आहेत. हा वाढीव कार्बन कुठला, हेही कळतं. कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षं जमिनीत होतं, त्यामुळे त्यातला किरणोत्सारी कार्बन-14 कधीच संपून गेला आहे. हे इंधन जळतं तेव्हा हवेतलं कार्बन-14चं प्रमाण त्या हिशेबानं उतरतं. ज्वालामुखीच्या कार्बनमध्येही तो नसतो, पण ज्वालामुखी वर्षाकाठी जेवढा कार्बन सोडतात तो आपल्या उत्सर्जनाच्या तुलनेत अगदी किरकोळ आहे. 2003च्या युरोपातल्या उष्णतेच्या लाटेनंतर पुढच्याच वर्षी शास्त्रज्ञांनी मांडलं की अशा उन्हाळ्याचा धोका माणसाच्या हस्तक्षेपामुळे किमान दुप्पट झाला असण्याची दाट शक्यता आहे.

आणि केव्हा माहीत होतं? स्वान्ते अर्‍हेनियस यांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल, याचं पहिलं गणित 1896 साली मांडलं. 1970च्या दशकाच्या अखेरीस एक्झॉन या तेल कंपनीचे शास्त्रज्ञ आपल्या वरिष्ठांना तापमानवाढीबद्दल सांगत होते. त्यांचे अंदाज किती अचूक होते याची तपासणी 2023 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आली आणि बहुतेक अंदाज बरोबर ठरले. कंपनी मात्र जाहीरपणे दीर्घकाळ शंकाच पेरत राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचा पहिला अहवाल 1990चा. माणसानं आजवर खनिज इंधन जाळून सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी निम्म्याहून अधिक त्यानंतरचा आहे. अज्ञानात झालेलं नुकसान हे याहून लहान आहे.

इब्सेनच्या नाटकात एक पात्र आहे, त्याची चर्चा फारशी होत नाही. मॉर्टेन कील, डॉक्टरच्या पत्नीचा मानलेला बाप. पाणी नासवणाऱ्या कातडी कमावण्याच्या कारखान्यांपैकी सगळ्यांत वाईट कारखाना त्याचा. डॉक्टरच्या पत्नीला आणि मुलांना मिळायचे पैसे घालून तो स्नानगृहांचे पडलेले शेअर विकत घेतो आणि जावयापुढे ठेवतो: आता बोल. सत्य सांगितलंस तर तुझीच मुलं कंगाल होतील. आपल्यापैकी बहुतेकांची स्थिती आज अशीच आहे. आपली बचत, आपला पगार, आपलं घर थंड आणि उबदार ठेवणारी वीज, सगळं त्याच व्यवस्थेत गुंतलं आहे. म्हणून सगळे सारखेच दोषी, असं मुळीच नाही. डॉक्टर आणि कील यांच्यात फरक राहतोच. पण कुणी पूर्णपणे बाहेर उभा आहे, असंही नाही.

2019 साली प्रशांत महासागरातल्या वानुआतूमध्ये कायदा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी ठरवलं की हा प्रश्न जगातल्या सर्वोच्च न्यायालयापुढे न्यायचा. त्यांनी आधी तिथलं सरकार पटवलं, मग एकेक देश जोडत गेले आणि 2023च्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं न्यायालयाचं मत मागणारा ठराव मंजूर केला. 23 जुलै 2025 रोजी हेग इथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं एकमतानं मत दिलं: हवामानाला होणारी गंभीर हानी रोखणं हे राष्ट्रांचं कायदेशीर कर्तव्य आहे, आणि ते मोडल्यास भरपाईची जबाबदारीही येऊ शकते. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचं आहे, ते कुणावर लादता येत नाही. पण कुणाला, केव्हा माहीत होतं याची कागदपत्रं आता देशोदेशींच्या खटल्यांत दाखल होऊ लागली आहेत.