जुना मॉनिटर आणि मधला दुभाषी

माळ्यावरून सतरा इंची मॉनिटर खाली काढला, धूळ पुसली आणि मागे पाहिलं. निळं, पंधरा पिनांचं व्हीजीए, म्हणजे चित्र आत घेणारं जुन्या पद्धतीचं सॉकेट. हातातल्या रास्पबेरी पाय 3 या छोट्या संगणकाला मात्र नव्या पद्धतीचं एचडीएमआय. दोन टोकं जुळवणारी वायर आणली की काम झालं, असं वाटतं. पण आत चिप नसलेली नुसती वायर इथे कामाची नाही, कारण अडचण आकाराची नसून भाषेची आहे.

व्हीजीए 1987 मध्ये आयबीएमने पीएस/2 संगणकांबरोबर आणलं. त्यात लाल, हिरवा, निळा यांची तार वेगवेगळी, आणि रंग किती गडद हे तारेतला दाब ठरवतो: शून्य व्होल्ट म्हणजे काळा, 0.7 व्होल्ट म्हणजे पूर्ण रंग. एचडीएमआयमधून येतात ते आकडे, प्रत्येक रंगाला साधारणपणे 0 ते 255. म्हणजे एका आकड्याचा फरक तारेत जेमतेम 2.7 मिलिव्होल्टचा! हे रूपांतर दोघांच्या मध्ये जोडायच्या अडॅप्टरमधली चिप करते, तीच इथली दुभाषी. 1280 बाय 1024 चं चित्र सेकंदाला साठदा काढायचं तर तिला सेकंदाला 10 कोटी 80 लाख ठोक्यांचा ताल सांभाळावा लागतो. अंगठ्याएवढ्या डबीत हे चालतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

या चिपला वीजही लागते. एचडीएमआयच्या अठराव्या पिनेवर 5 व्होल्ट असतात खरे, पण प्रमाणानुसार खात्री फक्त 55 मिलिअँपिअरची. खादाड अडॅप्टर असेल तर चित्र थरथरतं, मध्येच जातं. म्हणून वेगळा यूएसबी वीजपुरवठा घेणारा अडॅप्टर मिळाला तर तोच घ्या. घेताना दिशाही बघा: 'व्हीजीए टू एचडीएमआय' ही उलटी वस्तू आहे.

सगळं जोडूनही पडदा काळाच राहिला तर? मॉनिटर आपली ओळख 128 बाइटांच्या माहितीतून देतो. ती मधेच अडली, तर पायला वाटतं समोर कुणी नाहीच. मग मेमरी कार्डावरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये मॉनिटर आहे असं धरायला सांगून रिझोल्यूशन स्वतः लिहून द्यावं लागतं.

आवाज व्हीजीएमधून जातच नाही. तो पायच्या हेडफोन जॅकमधून घ्या.

आणि हो, खरेदीआधी मॉनिटर पुन्हा एकदा नीट उलटा करून पाहा. निळ्याशेजारी डीव्हीआय नावाचं पांढरं सॉकेट दिसलं, तर चिपची गरजच नाही. तिथे चित्राची भाषा एचडीएमआयचीच असते, त्यामुळे साधी वायर पुरते.